गावात घर कुठंशी?

लंडनला राज्यशास्त्र शिकणारा धर्मराज चौऱ्याहत्तरच्या उन्हाळी सुट्टीत हसनाबादला आला. बौद्धवाड्यातल्या लोकांना त्यानं तिथली राणी, संसद, निवडणुका, सगळं समजावून सांगितलं. माणसं उठून गेल्यावर त्याच्या आईनं, सगुणाबाईनं, भाकरी वाढत विचारलं,

“तिथली लोकं आडनाव ऐकून गाव विचारत्यात का? आन् मंग गावात घर कोन्या अंगाला, ते?”

“न्हाई माय. त्यांला त्यातून काय कळनार?”

“मंग पानी भांड्यात द्यायचं का वरून वतायचं, ते कसं ठरवत्यात?”

धर्मराज हसला. “ठरवतच न्हाईत. सगळ्यांला सारखेच ग्लास.”

“दोन वर्षांत बिलकुल कुनीच न्हाई विचारलं?”



“विचारलं एकानं,” तो म्हणाला. “मराठीत.”