निळी पेन्सिल

सुनेने हट्टच धरला म्हणून सासूबाई संग्रहालयात आल्या खऱ्या, पण ओठ घट्ट मिटून. भिंतीभर त्यांच्या दिवंगत नवऱ्याची हास्यचित्रमालिका होती. चित्रांत आई, बाप, खोडकर मुलगा आणि चित्रांसमोर पोट धरून हसणारे प्रेक्षक.

"लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही यांनी विनोदी चित्र काढून पेपरला पाठवलं," त्या फणकारल्या. "डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पुन्हा कधी तिचं नाव घेतलं नाही. या माणसाचं कौतुक तू मला दाखवतेस?"

"आई, तुम्ही कायम छापलेलं पाहिलंत. हा त्यांच्या हातचा कागद आहे. जरा जवळून बघा."

त्यांनी नाइलाजाने चष्मा सारखा केला. शाईतल्या तिघांशेजारी फिकट निळ्या पेन्सिलीने आणखी कोणीतरी काढलं होतं. दोन वेण्या, गुडघ्याला पट्टी.

"कच्चं काम असेल," त्या तुटकपणे म्हणाल्या. "निळी पेन्सिल छपाईत उमटत नाही, म्हणून तीच वापरायचे."

"कच्चं असतं तर नंतर वरून शाई फिरवली असती ना?"

सासूबाई पुढच्या चित्राकडे गेल्या, मग त्याच्याही पुढच्या. शाईतला मुलगा वर्षानुवर्षं तेवढाच राहिला होता. निळी मुलगी मात्र वाढत चालली होती. शेवटच्या चित्रात ती चांगली पोक्त बाई झाली होती आणि चष्मा लावून आईची वेणी घालत होती.

सासूबाईंनी काचेवर हात टेकला.

"हिला चष्मा लागला, तेसुद्धा मला सांगितलं नाहीत," त्या चित्राच्या कोपऱ्यात असलेल्या नवऱ्याच्या सहीला म्हणाल्या.