तिच्या नावाने

टॅबलेट अस्मिताला हवा होता, पण दुकानदार तिच्या नवऱ्याशी, जयसिंगशीच बोलत होता. त्याने कॅमेरा सांगितला, पडद्याचे रंग सांगितले. अस्मिताने हात पुढे केला.

"माझ्या हातात द्या."

तिला टॅबलेट वापरायला फोनवरून शिकवणारी दीपालीही तिच्यासारखीच अंध. काय काय तपासायचं ते तिने पाठ करून घेतलं होतं. अस्मिताने कडेची बटणं चाचपली, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज स्वतः सुरू केला, मराठी कसं बोलतो ते ऐकलं. दोन टॅबलेट परत दिले. तिसरा घेतला.

"मी आहे ना वाचून दाखवायला," जयसिंग रिक्षात म्हणाला. काचबिंदूने तिची नजर गेली, शाळेतली नोकरी सुटली, तेव्हापासून तीन वर्षं तोच वाचून दाखवत होता. पेपर, मेसेज, मेल.

चौथ्या दिवशी सकाळी तो मंडईत गेला. ती एकटी असली की तो बाहेरून कुलूप लावून जायचा, तिच्याच काळजीने.

बोट सरकवत ती पाठवलेल्या मेलपर्यंत पोहोचली. तीन वर्षांत तिने एकही मेल पाठवली नव्हती. यादीत मात्र एक होती. मुख्याध्यापिका तनुजाबाईंना, दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली.

'आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. नजर गेल्यापासून मला शिकवण्याची इच्छा राहिलेली नाही. कृपया पुन्हा विचारू नये. अस्मिता.'

आवाज कुठेही न अडखळता वाचून गेला. तिने तीनदा वाचायला लावलं. खाली तनुजाबाईंचं पत्र होतं. पाचवीला इतिहास शिकवायला तुम्हाला पुस्तक कधी लागलं? आठवड्यातून तीन दिवस या, रिक्षा पाठवते, असं त्यांनी लिहिलं होतं.

शाळेने आपल्याला साधं विचारलंही नाही, हे अस्मिता मनात धरून बसली होती. एका लग्नात तनुजाबाईंनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिने तो काढून घेतला होता.

ती उठली. चपला घातल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेली. शाळा दोन गल्ल्या सोडून होती. तिने दार ओढलं, ते हललं नाही. कुलूप उघडल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"तनुजाबाईंना माझ्या नावाने तुम्ही लिहिलंत?"

भाजीची पिशवी खाली ठेवल्याचं तिला ऐकू आलं. मग तो एकेक सांगू लागला. शाळेचे जिने, आळंदी रस्त्यावरच्या गाड्या, त्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली होती ते. मुलं तिला हसली असती तर ते त्यालाच सहन झालं नसतं. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता, आणि तेच तिला जास्त जड गेलं.

"पडली असतीस तर?"

"तर पडले असते."

जुनं उकरून काय मिळणार, असं म्हणून त्याने टॅबलेट मागितला. ती मेल काढून टाकतो म्हणाला. अस्मिताने तो दिला नाही. खुर्चीत बसून तिने कानात इअरफोन घातले आणि दीपालीने शिकवलं होतं तसा पडदा काळा करून टाकला. आता लिहिलेलं फक्त तिच्या कानात ऐकू येणार होतं. 'आदरणीय तनुजाबाई,' तिने सुरुवात केली.

जयसिंग मागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"बंद पडला का गं? काहीच दिसत नाहीये."

"चालू आहे," ती म्हणाली आणि पुढचं अक्षर शोधू लागली.