काहीच न मागता

"आम्हाला काहीच नको. तुम्हाला काय हवं ते सांगा," राजदूत शर्वाणी नाबर म्हणाल्या, तेव्हा त्या चिमुकल्या द्वीपराष्ट्राचे वृद्ध पंतप्रधान दचकलेच.

आजवर शर्वाणीबाईंचा देश, हा बलाढ्य शेजारी, तांदळाची जहाजं रोखायची धमकी द्यायचा. मग पंतप्रधानही दुसऱ्या महासत्तेकडे जायची धमकी देत आणि निभावून नेत. पण आता शर्वाणीबाईंनी स्वतःच्याच सरकारशी भांडून धोरण बदलायला लावलं होतं. दमदाटी बंद, मैत्री सुरू.

पंतप्रधानांनी सचिवांना बाहेर पाठवलं. "बाई, खरं सांगा. कोणतं बेट हवंय?"

"एकही नको, साहेब. शपथेवर सांगते."

त्यांचा चेहरा आणखीच उतरला. "म्हणजे सगळीच?"

शर्वाणीबाईंनी परोपरीनं समजावलं. तरीही दुसऱ्याच दिवशी, उरलेली बेटं तरी वाचावीत म्हणून, पंतप्रधानांनी उत्तरेकडचं बेट नाविक तळासाठी देऊ केलं.

शर्वाणीबाईंनी हादरून आपल्या मंत्र्यांना फोन लावला. "सर, हे बेट ते भीतीपोटी देताहेत. आपण नको म्हणूया."

"छे, छे! मित्राचं मन कसं मोडायचं?" मंत्री खुशीत होते. "तुमचं धोरण झकास आहे, बाई. पुढच्या शेजाऱ्याकडेही तुम्हीच जा."