तांदळाचा उंदीर

शुभदाने डब्याच्या पिशवीतून कापडी उंदीर काढला आणि स्कॅनरच्या बेडवर निजवला. जुन्या परकराचं कापड, आत तांदूळ. पोटात तीन बारीक नळ्या खोचल्या. त्यांत तिने नुकताच किरणोत्सारी द्रावाचा एकेक थेंब भरला होता.

स्कॅनरच्या कंपनीचा इंजिनिअर गिरीधर बेंगळुरूतल्याच मराठी घरातला. तो हसला. “अक्का, शेपूट विसरलात की!”

“शेपटीचं वजन कितीसं? हा साडेतीनशे ग्रॅमचा आहे. तुमचा प्लास्टिकचा नमुना तिसाचा.”

“त्याच्यावर सगळं सरी आलंय ना?”

“ठीक आलंय. पण माझ्या मुलीचे उंदीर प्लास्टिकचे नाहीत.”

मुलगी दाराशीच उभी होती. वेदिका आईच्याच संस्थेत कर्करोगावर काम करायची. तिचे उंदीर तयार होते. अडलं होतं ते या नव्या मशीनवर आणि ते तपासून घेणाऱ्या आईच्या सहीवर.

“आई, कर ना सही. सगळे थांबलेत.”

“तोलून मापून आणलाय. बघूया तरी.”

मशीन दोन चित्रं काढायचं. आधी हाडामांसाचं, मग बेड आणखी आत सरकला, की औषध कुठे साठलं त्याचं. दोन्ही एकावर एक बसायला हवीत. पडद्यावर नळ्या दिसल्या. त्यांच्यातल्या थेंबांचा उजेड मात्र नळ्यांच्या खाली पडला होता. आत सरकलेला बेड वजनाने वाकत होता.

“दोन मिलिमीटर,” शुभदा म्हणाली.

“दोन मिलिमीटरसाठी अडवणार तू?”

“तेवढ्यात तुझी मूत्रपिंडातली गाठ आतड्यात दिसेल. मग छापशील काय?”

वेदिका निघून गेली. संध्याकाळी येलहंकाला घरी जाताना गाडीतही ती उंदरांच्या नोंदीच चाळत होती. शुभदाने वाटेत कोथिंबीर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदा आंघोळ करून आली, खुर्चीत टेकली, आणि बसल्या जागीच गेली.

तीन आठवड्यांनी मशीन घ्यायचं की नाही ते ठरवायला संस्थेची समिती बसली. अध्यक्ष शेषगिरी सर इंग्रजीत, हळुवारपणे बोलले. मॅडमबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या तपासणीच्या टिपणावर सही नाही, आणि तांदूळ भरलेल्या पिशवीवरून एवढं मशीन नाकारायचं? दुसरं यायला आठ महिने लागतील. नुकसान वेदिकाचंच. तेव्हा तिनेच सांगावं.

वेदिकाने टेबलावर चार कागद मांडले. आठवडाभर तिने तोच उंदीर, नळ्या तशाच भरून, चार वेळा मशीनमध्ये ठेवला होता. चारही कागदांवर उजेड नळ्यांच्या खाली होता. दोन. दोन. एक पूर्णांक नऊ दशांश. दोन.

गिरीधरने कागद जवळ ओढले. एकेक आकडा बोटाने तपासला.

“एवढं वजन आम्ही कधी ठेवलंच नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “मशीन परत नेऊन बेड बदलायला लागेल.”

शेषगिरी सरांनी चष्मा काढला. “म्हणजे आठ महिने थांबायची तुझी तयारी आहे?”

वेदिका उठून उभी राहिली. इंग्रजीत जुळवून आणलेली वाक्यं तशीच राहिली. घरी, इथे, कुठेच कधी न म्हटलेलं ती मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आईचं बरोबर आहे.”