सरळ केस

"कान दाबून धर, भाजेल," म्हणत झुलेइदने लेकीच्या कुरळ्या केसांवरून स्ट्रेटनर फिरवला. साल्वादोरमधल्या त्यांच्या घरात दर शनिवारी हेच चालायचं.

"उद्या समुद्रावर जाशील तर डोकं भिजवू नकोस, जांदिरा. पाणी लागलं की पुन्हा होते तसे होतात, मेले."

"कळलं गं आई!"

रविवारी जांदिरा परतली नाही. मंगळवारी कोळ्यांना एक मुलगी सापडली. शवागारातल्या माणसाने चादर बाजूला केली.

"दोना झुलेइद, ओळखलंत?"

झुलेइदने त्या ओल्या, कुरळ्या केसांतून बोटं फिरवली.

"ही नव्हे हो. माझ्या पोरीचे केस सरळ आहेत."

घरी येऊन तिने स्ट्रेटनर पुसला आणि शनिवारी हाताशी असावा म्हणून खुर्चीजवळ ठेवला.