झोपेतला अभिप्राय

पडद्यावरची हिरवी रेष मूत्रपिंडाच्या धड्यापाशी अकरा वेळा उंचावली होती. डोईफोडे मॅडमनी ते दोनदा मोजून पाहिलं. पाच वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मुलं त्यांना पाचपैकी दोनच गुण देत, म्हणून क्लासचे मालक बिडवे सर त्यांना कायम करायचं टाळत आले होते. यंदा मात्र अभिप्राय मुलांच्या झोपेतून घेतला होता. झोपेत मेंदू कोणता धडा पुन्हा घोकतो, ते कपाळावरच्या पट्टीने टिपलं होतं.

“पोरांना हसवणाऱ्या सगर सरांचा एकही धडा नाही!” बिडवे सर चक्रावले. “सगळीकडे तुम्हीच?”

“झोपेतही शिव्या देत असतील मला.”

“शिव्या कसल्या? हे रेषेखाली उमटलंय बघा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतायत.” सरांनी चष्मा काढला. “मॅडम, आजपासून तुम्ही कायम.”