एकदम ठीक

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या जवानाने कुबडी दाराबाहेर भिंतीला टेकवली आणि अपंगत्वाच्या पेन्शनसाठीच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ताठ उभा राहिला.

"पायाचा काही त्रास?"

"नाही साहेब, एकदम ठीक!"

डॉक्टर तसंच लिहायला लागले. शेजारी माजी सैनिक संघटनेचे सुभेदार बसले होते. निवृत्तीनंतर घरात नुसत्या येरझारा घालून बायकोचं डोकं उठवणारा हा माणूस हल्ली अशा जवानांची बाजू मांडायला रोज इथे येई. ते कडाडले, "अरे शहाण्या, ही काय परेड आहे? इथे 'ठीक' म्हणालास तर तुझं दुखणं तुझ्यापाशीच राहील. खरं बोल!"

जवानाची मान खाली गेली. "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, साहेब," म्हणत तो मटकन खुर्चीत बसला. डॉक्टरांनी आधीचं खोडलं. सुभेदार स्वतः उठून त्याची कुबडी आत घेऊन आले.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बरं आहे ना?"

"एकदम ठी..." सुभेदार उंबरठ्यावरच अडखळले. मग चौकटीला धरून हळूच म्हणाले, "नाही गं. कंबर फार दुखतेय. बरीच वर्षं दुखतेय."

बायको त्यांच्या हातातली पिशवी घेत हसून म्हणाली, "आलात बाई एकदाचे घरी!"